छत्रीवालीचे दात

कवळीमास्तरांमुळे आजवर हजारो माणसं मोकळेपणानं हसली असतील. विनोदांमुळे नव्हे, दातांमुळे. मास्तर काही डॉक्टर नव्हते. शहरातले दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे घेऊन त्यांच्याकडे पाठवायचे आणि मास्तर घरामागच्या आपल्या दोन खोल्यांच्या कारखान्यात प्लास्टर ओतून, मेण लावून, एकेक दात बसवून त्याची कवळी करायचे. पेशंटचं तोंड त्यांना कधी दिसायचं नाही. त्यामुळे रस्त्यात कुणी हसत समोरून आलं की चेहऱ्याच्या आधी त्यांची नजर दातांवर जायची आणि दात ओळखीचे निघाले की आनंद मावायचा नाही. एकदा बसच्या रांगेत एका अनोळखी बाईंकडे बघून ते अभिमानानं म्हणाले, "ही माझी!" शेजारी बायको उभी होती. कवळीबद्दल बोलतोय हे तिला समजावेपर्यंत दोन बस निघून गेल्या.

दाढा आणि सुळ्यांमधून जो वेळ उरायचा तो मास्तर सिनेमाला द्यायचे. प्लास्टरचे नमुने ठेवायला म्हणून सुताराकडून एक उंच कपाट करून घेतलं होतं. नमुने कारखान्यातच राहिले आणि घरातल्या त्या कपाटात दोनशे शहाऐंशी डीव्हीडी येऊन बसल्या. त्या लावायची पद्धतही त्यांची स्वतःची. एका खणात आगगाडीचे सिनेमे, एकात जहाजाचे, एकात कुत्रा असलेले, आणि सगळ्यात खालच्या खणात बायकोला न आवडणारे. हा खण सगळ्यात जास्त भरलेला होता.

बायको शाळेत भूगोल शिकवायची. नवऱ्याच्या छंदाबद्दल तिची तक्रार एकच होती. "तोच सिनेमा माणसानं विकत घ्यायचा तरी किती वेळा? आधी ती डबडी कॅसेट. मग व्हीसीडी. मग ही डीव्हीडी. दर वेळी शेवट वेगळा असतो का?"

"चित्र स्पष्ट होतं गं."

"मग आधी काय गोष्ट कळली नव्हती?"

यावर मास्तर कपाटावरची धूळ पुसायला लागायचे.

या सुखी संसारात काडी टाकली ती मेहुण्यानं. बायकोचा हा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. त्या धंद्याचा गुण असेल, पण खालच्या मजल्यावर थांबून राहणं त्याला मंजूरच नव्हतं. फोन, गाडी, चष्म्याची काडी, जे काही नवीन येईल ते त्याच्याकडे आधी यायचं. सगळे त्याला अपडेटराव म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं.

एका संध्याकाळी अपडेटराव काखेत एक खोकं घेऊन आला. "भाऊजी, मी आता फोर-के घेतला. हा ब्ल्यू-रेचा प्लेअर माझ्याकडे पडून राहील. तुम्ही घ्या. आणि ही तुमची डीव्हीडीची अडगळ एकदाची काढून टाका."

"अडगळ?" मास्तर दुखावले.

"अहो, एकदा नवी चकती बघा, मग बोला. पानावरची शीर दिसते, पानावरची!"

"पानावरची शीर बघायला मी बागेत जाईन."

बोलायला बोलून गेले, पण रात्रीचं जेवण होईपर्यंत मास्तरांच्या मनात पानं सळसळायला लागली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी वही काढली आणि कुठले सिनेमे नव्या चकतीवर घ्यायचे याची यादी करायला बसले. जहाजाच्या सिनेमात धुकंच धुकं, ते स्पष्ट करून काय करायचं? कुत्र्याचा सिनेमा मात्र हवा. भुताचा नको, भूत स्पष्ट दिसलं तर भीती कसली वाटायची? असं करत करत तीन पानं भरली आणि ठरलं काहीच नाही. शेवटी त्यांनी सुरुवात घरच्या सिनेमापासून करायचं पक्कं केलं.

घरचा सिनेमा म्हणजे आत्याचा सिनेमा.

आत्या म्हणजे मास्तरांच्या वडिलांची थोरली बहीण. आता त्र्याऐंशी वर्षांची, दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावर एकटी राहणारी. आयुष्यभर टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, त्यामुळे अजूनही कुणाचं बोलणं लांबलं की "वेळ झाली" म्हणून मोकळी व्हायची. ती एकोणीस वर्षांची असताना इथल्या स्टेशनवर एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. नायिका गाडीत बसते, गाडी सुटते, फलाटावर गर्दी. त्या गर्दीत उभं राहायला गावातली माणसं घेतली होती, त्यात आत्याही होती. सिनेमा लागला तेव्हा मास्तरांचे वडील पुढच्या रांगेत बसले होते. गर्दीतून छत्री घेतलेली एक तरुणी हसत कॅमेऱ्यासमोरून गेली आणि वडील खुर्चीवर उभे राहून ओरडले, "ती बघा आमची ताई!"

झालं. तेव्हापासून आत्या छत्रीवाली झाली. ती चार सेकंदं घराण्याची इस्टेट ठरली. मास्तरांच्या आत्तोबांनी तर म्हणे आत्याचं स्थळ आलं तेव्हा फोटो न बघताच "सिनेमात बघितलंय" म्हणून होकार दिला होता. आत्तोबा आता नव्हते, पण ही गोष्ट होती. कॅसेटवर, व्हीसीडीवर, डीव्हीडीवर घरच्यांनी ती चार सेकंदं शेकडो वेळा बघितली होती. पडद्यावर खरं तर एक करडा ठिपका, त्यावर एक काळा ठिपका, आणि मध्ये हसल्यासारखं काहीतरी दिसायचं. पण ते हसणं आत्याचंच आहे याबद्दल कुणाच्या मनात कधी शंका आली नाही.

चौकातल्या दुकानदारानं नवी चकती मागवून दिली. मास्तरांनी मुद्दाम कामाच्या दिवशी, दुपारी, बायको शाळेत असताना ती लावली. चित्र पडदाभर पसरलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मास्तर हरखून गेले. नायकाच्या कोटाची वीण दिसत होती. खलनायकाच्या मिशीची एक कड डिंकातून सुटली होती, तीही दिसत होती. "वा वा वा," मास्तर एकटेच म्हणत होते. मग स्टेशन आलं. शिट्टी झाली. छत्रीवाली गर्दीतून पुढे आली, मान वळवून हसली आणि गेली.

मास्तरांनी सिनेमा थांबवला. मागे घेतला. पुन्हा लावला. मग सोफ्यावरून उठले, कामाचं भिंग घेतलं आणि टीव्हीला नाक लावून उभे राहिले.

आत्याच्या वरच्या दातांमध्ये एक खासियत होती. पुढच्या दोन दातांपैकी डावा दात उजव्यावर चढलेला. आठ वर्षांपूर्वी तिची कवळी मास्तरांनीच केली होती. त्यांनी आधी छान सरळ दात बसवले, तर आत्यानं ते परत पाठवले. "दातावर दात पाहिजे," ती म्हणाली. "नाहीतर सकाळी आरशात कोण बाई आलीय म्हणून मी दचकायची." तेव्हा मास्तरांनी तिच्या मूळ दातांचा ठसा समोर ठेवून तो वाकडेपणा केसाइतकाही इकडेतिकडे न होऊ देता उतरवला होता. त्यांच्या आयुष्यातलं ते सर्वोत्तम काम होतं.

आणि पडद्यावरच्या बाईचे वरचे, पुढचे सहाही दात एका ओळीत होते. शिस्तीत. जणू मास्तरांनीच पट्टी लावून बसवलेत.

तरीही खात्री करून घ्यावी म्हणून ते कारखान्यात गेले आणि फळीवरून आत्याच्या दातांचा प्लास्टरचा नमुना घेऊन आले. तो टीव्हीवरच्या बाईच्या तोंडाशेजारी धरला, एक डोळा मिटला, आणि नेमकी तेव्हाच बायको शाळेतून आली.

"काय चाललंय?"

"काही नाही. टीव्ही पुसत होतो."

"दातांनी?"

मास्तरांनी चकती काढली, नमुना खिशात घातला आणि चहा टाकायला आत गेले. बायकोनं हातातली पिशवी तशीच धरून ठेवली होती. वीस वर्षांच्या संसारात मास्तर आपणहून चहा करायला आत गेले होते ते दोनदाच, आणि दोन्ही वेळा काहीतरी फुटलं होतं.

त्या दिवसापासून मास्तरांची भाषाच बदलली. परवापर्यंत पानावरच्या शिरेसाठी हळवा झालेला माणूस आता म्हणायला लागला, "या नव्या चकत्यांत काही राम नाही. फार टोचतं ते चित्र. डोळ्यांना त्रास होतो." अपडेटरावानं फोन केला तर म्हणाले, "आवाज बरोबर येत नाही." बायकोनं विचारलं तर म्हणाले, "नको, तूच बरोबर होतीस, कशाला उगीच परत घ्यायचं." आपण बरोबर होतो हे नवऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर बायकोचा संशय अगदीच पक्का झाला. मास्तरांनी चकती कारखान्यात नेऊन 'खालच्या दाढा' असं लिहिलेल्या खणात ठेवली. तिथे शोधायला कुणी जाणार नव्हतं.

त्यांना वाईट वाटत होतं ते स्वतःसाठी नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर आत्या यायची. भिंतीवर त्या स्टेशनचा फोटो लावलेली, नव्या शेजाऱ्याला पहिल्या भेटीतच "सिनेमात होते मी" सांगणारी. आणि ते आत्तोबा, फोटो न बघता हो म्हणालेले. या सगळ्याचा पाया म्हणजे दुसऱ्याच कुणाचे तरी सहा सरळ दात! हे आपल्याला कळलं तेवढं पुरे. डीव्हीडीवर ठिपका आहे, ठिपका राहू दे.

पण अपडेटराव गप्प बसणाऱ्यातला नव्हता. तो आत्याच्या इमारतीतली लिफ्ट बघायला गेला आणि जाताजाता सांगून आला. शनिवारी सकाळी मास्तरांचा फोन वाजला.

"तुझ्याकडे माझी नवी चकती आलीय म्हणे," आत्या म्हणाली.

"आली होती आत्या. पण तो प्लेअर बिघडलाय गं."

"काय बिघडलंय?"

"ते आतलं... फिरत नाही."

"मग फिरव. उद्या दुपारी येते मी. अपडेटराव आणून सोडतोय. वेळ झाली." आणि फोन बंद.

रविवारी दुपारी अपडेटराव आत्याला घेऊन आला आणि स्वतःची हत्यारांची पेटीही घेऊन आला. प्लेअरला वायर जोडली तर दिवा लागला, झाकण उघडलं, सगळं ठणठणीत. "भाऊजी, याला काय धाड भरलीय?" आता चकती सापडत नाही असं सांगायचं मास्तरांनी मनाशी ठरवलं होतं. तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून आली आणि चकती त्यांच्या हातात देत म्हणाली, "खालच्या दाढांमध्ये होती."

"तुला कसं कळलं?"

"तुम्ही मंगळवारपासून तीन वेळा तो खण उघडून बघितलात. खालच्या दाढांची एवढी काळजी तुम्हाला कधीपासून?"

आत्या सोफ्याच्या मधोमध बसली होती. मास्तर तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. "आत्या, एक सांगू? राहू दे. जुन्यात तू जास्त छान दिसतेस."

आत्यानं त्यांच्याकडे बारकाईनं बघितलं. चाळीस वर्षं हेडफोन लावून लोकांच्या आवाजांवरून त्यांचे मूड ओळखलेली बाई ती.

"तू बघितलास ना?" तिनं विचारलं.

"हो."

"दात?"

मास्तर हातातली चकती बाहीनं पुसायला लागले.

"अरे, मग सरळ बोल की. ती मी नाहीच." आणि आत्या एवढ्या मोठ्यानं हसली की दातावरचा दात लखकन चमकला. "आठवडाभर माझ्यापासून माझंच गुपित लपवत फिरलास होय?"

अपडेटरावाच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर हातातच राहिला.

"सकाळी सातपासून उभं केलं होतं आम्हाला त्या फलाटावर," आत्या सांगायला लागली. "ऊन हे असं! साडेअकरा झाले तरी त्यांची गाडीच हलेना. मला लागली तहान. म्हटलं पटकन नळावर जाऊन येते. गेले, ओंजळीनं दोन घोट प्यायले, तेवढ्यात शिट्टी. परत येते तर सगळं आटोपलेलं. माणसं घरी निघालेली. मग सिनेमा लागला आणि तुझा बाप खुर्चीवर चढून ओरडला. सगळं थिएटर वळून माझ्याकडे बघायला लागलं. आता त्या लोकांना काय सांगायचं, मी तेव्हा पाणी पीत होते म्हणून? मी म्हटलं, बरं, मीच."

"आणि आत्तोबा?" मास्तरांनी भीतभीत विचारलं. "त्यांना ठाऊक होतं?"

"लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सांगितलं मी. मला झोपच येत नव्हती. तर हे म्हणाले, मला पहिल्या दिवशीच कळलंय, तिचे दात सरळ आहेत. थिएटरात काय लपतं? तुमची ती डीव्हीडी नव्हती ती."

मास्तरांना एकदम आत्तोबांबद्दल धंदेवाईक आदर वाटला.

"आणि मग मला चिडवायचे," आत्या म्हणाली, "म्हणायचे, पण तू आहेस त्या सिनेमात, कडेला नीट बघ. मी कुठली बघते! ते स्टेशन आलं की मी डोळेच मिटून घ्यायची. लाजेनं. लाव आता. काय दिसायचं ते दिसू दे."

अपडेटरावानं स्टेशन लावलं. शिट्टी झाली. छत्रीवाली आली. "गोड आहे पोरगी," आत्या म्हणाली. छत्रीवाली गेली. सगळे तिच्याकडेच बघत होते, फक्त मास्तरांची बायको सोडून. तिला सिनेमातल्या माणसांपेक्षा जागाच जास्त दिसायची. ती म्हणाली, "थांबा. हा नळ आपल्या डीव्हीडीत कुठे आहे?"

"नव्हताच तो," अपडेटराव म्हणाला. "जुन्या चौकोनी टीव्हीत मावावं म्हणून दोन्ही कडा छाटायचे ताई. नवीत पूर्ण रुंद चित्र आहे. म्हणून तर मी—"

"गप्प बस. मागे घे."

त्यानं मागे घेतलं. पडद्याच्या अगदी डाव्या काठाला, खांबाच्या पलीकडे एक नळ होता. नळाशी वाकलेली एक मुलगी. शिट्टी झाल्याबरोबर ती दचकून सरळ झाली, हातानं तोंड पुसलं, आणि चप्पल हातात घेऊन, तोंड उघडून, "थांबा, थांबा!" असं काहीतरी ओरडत गाडीकडे धावत सुटली. आख्ख्या गर्दीत फक्त तिचीच गाडी खरोखर चुकली होती. मास्तर भिंग घेऊन पुढे झाले.

त्यांनी वळून बघितलं. "डावा उजव्यावर आहे," ते म्हणाले.

आत्यानं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. "हे खरंच सांगत होते तर," ती म्हणाली. "आणि मी म्हणायची, थट्टा पुरे." मग नाक ओढून म्हणाली, "चप्पल हातात काय घेतली होती मी, वेड्यासारखी. पुन्हा लाव."

एकोणीस वेळा लावलं. सातव्या वेळेपासून आत्या पडद्यावरच्या स्वतःला सूचना द्यायला लागली.

कपाटाचा प्रश्न मात्र त्यानंतर झटकन सुटला. मास्तरांनी ती तीन पानांची यादी फाडली आणि प्रत्येक सिनेमाबद्दल एकच चौकशी केली: याच्या कडा छाटल्यात का? चौतीस सिनेमे तसे निघाले. तेवढे नव्या चकतीवर यायचे, एकेक करून, सवडीनं. बाकीचे दोनशे बावन्न आहेत तसे, धुकं आणि भुतांसकट. बायकोनं या निर्णयाला हरकत घेतली नाही. उलट त्या चौतिसांतला जहाजाचा एक सिनेमा तिनंच घालायला लावला होता, कारण कप्तानाच्या मागे भिंतीवर एक नकाशा होता आणि त्याची अर्धी बाजू कापली गेली होती. ती पूर्ण बघितल्याशिवाय जहाज नेमकं कुठे चाललंय ते तिला सांगता येत नव्हतं.

खरी अडचण आली ती आत्याच्या इमारतीत. आत्यानं सोमवारी सकाळीच सगळ्यांना सांगून टाकलं की छत्रीवाली मी नव्हे, नळावरची मी. कुणीही ऐकून घेईना. "छे हो, तुम्ही छत्रीवालीच," वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले. "आम्ही काय आज बघतोय?" शेजारीणबाई तर हळूच मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "वय झालं की होतं असं. डॉक्टरांना दाखवा." आत्या भडकली. साठ वर्षं खोटं सांगितलं तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली, आणि आता खरं बोलतेय तर डॉक्टर!

तिनं चकती घेतली आणि पुरावा दाखवायला निघाली. तर इमारतीत सगळ्यांकडे जुने प्लेअर. कुणाच्याही प्लेअरमध्ये नवी चकती चालेना. आत टाकली की प्लेअर घरघरायचा आणि चकती बाहेर काढायचा.

म्हणून पुढचे चार रविवार मास्तर अपडेटरावाचा प्लेअर काखेत मारून, एका हातात वायर लोंबकळत ठेवून आत्याच्या मागोमाग मजल्या-मजल्यावर हिंडले. प्रत्येक घरी आधी टीव्हीच्या मागे धूळ खात वायर जोडायची, मग स्टेशन लावायचं, मग आत्यानं काठीनं पडद्याचा डावा काठ दाखवायचा. पोस्टमास्तरांकडे तिसऱ्या खेपेला पटलं. त्यांनी टीव्हीजवळ खुर्ची ओढली, आत्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आहात खऱ्या! पण बाई, धावता काय सुंदर हो तुम्ही!"

"मग?" आत्या म्हणाली, आणि मास्तरांना खूण केली की वायर काढ, आता तळमजल्याच्या मागच्या बाजूचे दोघं राहिलेत.